प्रॉडक्शनवर घोळ झाला, आता मुलाखतीत काय सांगू?

माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येणाऱ्या, डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: हातून एकदा मोठी चूक झाली, आता पुढे काही होणार आहे का? त्याला चिकटून दुसरा: नाहीतरी सगळं क्लाउडवर चाललंय, मग हे क्षेत्रच सोडू का? दोन्ही प्रश्न एकदम घेऊन आलेल्या एका बाईंची ही हकीकत. त्यांच्या संमतीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३६, हिंजवडीत नोकरी, ओरॅकल या डेटाबेसच्या डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) म्हणून १२ वर्षं. अपॉइंटमेंट नवऱ्याने घेतलेली. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मी बीएड करायचं ठरवलंय. घरी कसं सांगू, तेवढं सांगा."

झालं होतं असं. महिनाअखेरची रात्र. टेस्टच्या डेटाबेसमधली जुनी स्कीमा (एका यूजरच्या नावावरच्या टेबलांचा संच) उडवून नवी भरायची, नेहमीचंच काम. स्क्रीनवर पुट्टी या सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन विंडो, एक टेस्टची, एक प्रॉडक्शनची, म्हणजे खऱ्या चालू कामाच्या डेटाबेसची. दोन्ही काळ्या, दोन्हीकडे स्कीमाचं नाव तेच. 'ड्रॉप यूजर कॅस्केड' ही, यूजरसकट त्याची सगळी टेबलं उडवणारी कमांड भलत्या विंडोत गेली. अ‍ॅप्लिकेशन वेगळ्या यूजरने जोडलेलं, त्यामुळे ओरॅकलने 'हा यूजर आत्ता वापरात आहे' म्हणून अडवलंही नाही. एखादं टेबल ड्रॉप झालं तर रिसायकल बिनमधून परत आणता येतं. यूजरच उडवला की त्याची टेबलं तिथे जातच नाहीत. दुसऱ्या शहरात स्टँडबाय (राखीव जुळा डेटाबेस) होता, पण मुख्य डेटाबेसमध्ये जे होईल ते मुकाट्याने आपल्याकडे करायचं हेच त्याचं काम. तिथूनही सगळं गेलं.

बाईंनी लगेच मॅनेजरला फोन केला: चूक माझी आहे, अ‍ॅप्लिकेशन थांबवा. मग बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवून, त्यावर लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) लावत, कमांड जाण्याच्या क्षणाआधीपर्यंत डेटाबेस आणला. तिथून स्कीमा काढून परत प्रॉडक्शनवर भरली. सकाळी ऑफिस भरेपर्यंत सगळं सुरू झालं होतं. एकही नोंद गेली नाही. तरी प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस काढून घेतला, मासिक रिपोर्टच्या कामावर बसवलं, अप्रेझलला सगळ्यात खालचं रेटिंग. घरी सासरे म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, सरकारी बघा." (प्रत्येक घरात हे वाक्य बोलणारं एक माणूस असतंच.)

तेव्हापासून साधी 'सिलेक्ट' चालवतानाही हात थरथरायचा, रात्री फोन वाजला की छातीत धडधड. म्हणून आधी झोपेकडे बघितलं. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल तर करिअरचा सल्ला नंतर, डॉक्टर आधी, असा माझा आग्रह असतो. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. बाईंचं तितकं टोकाला गेलं नव्हतं.

मग त्यांना त्या रात्रीची हकीकत लिहून आणायला सांगितली. आणली ती माफीनाम्यासारखी: मी मूर्खपणा केला, मी बघितलं नाही, मी घाई केली. म्हटलं, पुन्हा लिहा, 'मी' हा शब्द न वापरता. दुसऱ्या कागदावर वेगळंच उतरलं. दोन्ही डेटाबेसना एकच पासवर्ड. विंडोला रंगाचा फरक नाही. अशा कामावर दुसऱ्या माणसाने नजर टाकायची असा नियम नाही. रिस्टोअरचा, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याचा सराव कधीच झालेला नाही. चूक बाईंची होतीच, ती मी पुसून टाकली नाही. पण त्या चुकीला वाव किती होता, हे कागदावर दिसलं.

बोलता बोलता गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा विषय त्यांनीच काढला. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने भलत्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. सुमारे ३०० जीबी. बॅकअप बघायला गेले तर बॅकअपच्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्याने तो निघतच नव्हता, आणि तो निघत नाही हे सांगणारे मेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं जाहीर लिहिलं, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. मी विचारलं, "तुम्ही त्या इंजिनिअरला काढलं असतं?"

"छे! त्याला कशाला? त्याच्याइतकं जपून आता कोण काम करेल?"

मग स्वतःच गप्प झाल्या.

क्लाउडच्या धास्तीचं उत्तर द्यायला मी तंत्रज्ञ नाही; त्यांनाच यादी करायला लावली. पॅचिंग (दुरुस्त्या चढवणं), रोजचा बॅकअप, फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्यावर जाणं) ही कामं क्लाउड करतो, आणि फक्त त्यावरच ज्यांची नोकरी आहे त्यांनी खरंच हातपाय हलवायला हवेत. पण मंद क्वेरी, स्थलांतर, बिल, कुणाला किती अ‍ॅक्सेस द्यायचा, ही कामं उरतात. अधिकार असलेल्या माणसाने 'ड्रॉप' म्हटलं की क्लाउडही मुकाट्याने ड्रॉप करतो. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेवर आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येतात. त्यातून नीट परत आणता येतं का, हे कुणीतरी करून बघावंच लागतं. बीएडचा विषय इथे आपोआप मागे पडला. घरीच पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस शिकायला लागल्या. एकदा उत्साहाने सांगत होत्या: ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल समजतो, पोस्टग्रेस समजत नाही, आणि स्थलांतरात यावरच लोक आपटतात. मला अर्धंच कळलं. पण कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्या कामाबद्दल बोलत होत्या, त्या रात्रीबद्दल नाही.

राहिली मुलाखत. लपवू नका, हे माझं ठाम मत; पण कबुलीजबाबही देऊ नका. पहिल्या सरावात दर दोन वाक्यांनी 'सॉरी' येत होतं. क्रम बदलला: काय झालं ते दोन वाक्यांत, पहिल्या दहा मिनिटांत काय केलं, डेटा कसा परत आणला, आणि तेव्हापासून कामाची कुठली सवय बदलली. क्लायंटचं नाव किंवा कंपनीच्या आतल्या गोष्टी काढायच्या नाहीत. बॅकअप घेतलेले डीबीए पुष्कळ भेटतात, रात्री दोन वाजता दडपणाखाली रिस्टोअर केलेले कमी. ही कमाई लपवायची कशाला?

पहिल्या ठिकाणी ऐकून घेतलं आणि पुढे काही कळवलंच नाही. त्यानंतरच्या मुलाखतीत समोरच्या आर्किटेक्टने बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून त्या एका रात्रीबद्दलच खोदून खोदून विचारलं, स्टँडबायला लॉग उशिरा लावायची सोय (म्हणजे चूक तिथे लगेच पोचत नाही) का ठेवली नव्हती इथपर्यंत. काम मिळालं, ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर नेणाऱ्या टीममध्ये. पद एक पायरी खालचं आहे आणि ते त्यांना अजून खटकतं. नाइट ऑन-कॉल पहिले सहा महिने नको, असं त्यांनी रुजू व्हायच्या आधीच मागून घेतलंय.