रेघभर फरक

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा ठसा, दोन्ही मिळालं. अठराव्या शतकातला जपानी चित्रकार उतामारो, लाकडी ठशांवरून छापलेल्या त्याच्या चित्रांतल्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात, मग त्यांना व्यक्तिचित्रं का म्हणायचं, असं तू विचारलंस. तुझ्या वयात मलाही तसंच वाटायचं.

एक काम कर. १७९३च्या सुमारास त्याने केलेलं तीन सुंदर स्त्रियांचं चित्र समोर घे. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तिघींची नुसती नाकं उतरव, मग डोळे. नाकाचा बाक, डोळ्याची कड, गालाचा भरीवपणा प्रत्येकीचा वेगळा आहे. फरक रेघभराचाच, पण तो आहे. कारण या खऱ्या बायका होत्या. उजवीकडची ओकिता एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आसाकुसा भागात चहाच्या दुकानात काम करायची, डावीकडची ओहिसा सेंबेई (तांदळाची कुरकुरीत बिस्किटं) विकणाऱ्या घरातली मुलगी, मागे मधोमध उभी आहे ती गेशा तोयोहिना. कपड्यांवरच्या कुलचिन्हांवरूनही एदोचे लोक त्यांना ओळखायचे. पुढे सरकारने अशा बायकांची नावं छापायला बंदी केली, तर उतामारोने ती चित्रकोड्यांत लपवली. १७९६मध्ये कोडीही बंद झाली आणि १८००मध्ये मोठ्या चेहऱ्यांची चित्रंच बंद केली.

आता तुझ्या ठशाबद्दल. नाक छान जमलंय. पण कपाळावर जिथे केस सुरू होतात, तिथे तू काळा पट्टा ठेवून मोकळा झालास. अरे, चेहरा तिथेच तर उगवतो! चित्रकार बहुतेक वेळा केसांची बाह्यरेषाच काढून द्यायचा. कानशिलावरचा एकेक केस कोरायचा तो कारागीर. चेरीच्या लाकडात केस उभा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. सुरी जरा घसरली की केस तुटला, आणि तुटलेला केस परत जोडता येत नाही. म्हणून डोक्याचा भाग सगळ्यांत अनुभवी हाताकडे जायचा. चित्राखाली सही उतामारोची असते, त्या हाताचं नाव बहुधा कुठेच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

पूर्ण चेहरा इतक्यात नको. तळहाताएवढी फळी घे, फक्त कानशील आणि त्यावरचे केस कोर. सुरीला आधी नीट धार लाव. तुटले तरी पुसू नकोस, छापून तसंच मला पाठव.

तुझा,
सर