पेन्सिल सेल, चार्जर आणि भजनी मंडळाचा कीबोर्ड

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या भजनी मंडळाकडे सहा पेन्सिल सेलवर (एए आकाराच्या) चालणारा एक कीबोर्ड आणि दोन सेलचा एक कॉर्डलेस माइक आहे. गणपतीत रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी भजन असते आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून सेल लागतातच. साध्या सेलचा खर्च आता परवडत नाही. रिचार्जेबल सेल वापरून पाहिले, पण त्यांवर १.२ व्होल्ट असे लिहिलेले आहे आणि कीबोर्डवर ‘बॅटरी लो’चे चिन्ह फार लवकर येते. दुकानदार एकदा ३६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचे स्वस्त सेल दाखवतो, तर एकदा यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल सुचवतो. कोणते घ्यावेत आणि चार्जर कोणता? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी १.२ व्होल्टची शंका दूर करू. अल्कलाइन सेल, म्हणजे पुन्हा चार्ज न होणारा साधा सेल, नवा असतानाच दीड व्होल्ट देतो. वापर सुरू झाला की त्याचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरत जातो आणि निम्मे आयुष्य सरेपर्यंत तोही १.२ च्या आसपास येतो. निकेल मेटल हायड्राइड (एनआय-एमएच) सेल, म्हणजे आपण घेतलेले नेहमीचे रिचार्जेबल सेल, जवळजवळ शेवटपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास टिकून राहतात आणि मग एकदम कोसळतात. कीबोर्ड फक्त दाब मोजतो आणि आत अल्कलाइन सेल आहेत असे धरून चालतो, त्यामुळे ताज्या सेललाही तो ‘अर्धा संपलेला’ समजतो. बऱ्याच कीबोर्डांच्या आणि रेकॉर्डरच्या मेनूत बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते. तिथे ‘एनआय-एमएच’ हा पर्याय निवडावा. तशी सोय नसल्यास सरावाच्या वेळी एकदा घड्याळ लावून सेल किती तास पुरतात ते पाहावे आणि चिन्हापेक्षा त्या अनुभवावर विसंबावे.

३६०० एमएएचच्या सेलचा विचारही करू नये. पेन्सिल सेलच्या आकारात निकेल मेटल हायड्राइडची खरी क्षमता साधारण २५०० ते २७०० एमएएचच्या पुढे जात नाही. त्याहून मोठा आकडा छापलेला असेल, तर तो वेष्टनापुरताच खरा. चांगला सेल सव्वीस-सत्तावीस ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो बराच हलका भरला, तर आत माल कमी आहे हे उघड आहे.

चांगल्या सेलमध्येही सर्वांत मोठ्या आकड्यामागे लागू नये, असे माझे मत आहे. सान्यो कंपनीने २००५ साली ‘एनेलूप’ या नावाने पडून राहिला तरी फारसा न उतरणारा सेल बाजारात आणला. आज तो पॅनासोनिकच्या नावाने मिळतो आणि त्याच प्रकारचे सेल इतरही कंपन्या बनवतात. साध्या एनेलूपची क्षमता साधारण २००० एमएएच आहे आणि ‘प्रो’ या मोठ्या क्षमतेच्या सेलची २५००, परंतु कंपनीच्याच दाव्यानुसार साधा सेल ‘प्रो’च्या सुमारे चौपट वेळा चार्ज करता येतो. आपला कीबोर्ड गणपतीनंतर कदाचित थेट नवरात्रातच बाहेर निघेल. जुन्या पद्धतीचे सेल तेवढ्या काळातही नुसते पडून बऱ्यापैकी उतरतात, हे नवे सेल फारसे उतरत नाहीत. वेष्टनावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ असे छापलेले आहे ना, ते पाहून घ्यावे.

आता चार्जर, माझ्या मते पैशाची खरी गरज इथे आहे. अत्यंत स्वस्त चार्जर दोन-दोन सेल जोडीने चार्ज करतात आणि सेल भरला की थांबणे त्यांना माहीत नसते. रात्रभर लावून ठेवलेले सेल सकाळी चटका बसेल इतके तापलेले आढळतात ते यामुळेच. चांगला चार्जर प्रत्येक खान्यावर स्वतंत्र लक्ष ठेवतो : सेल पूर्ण भरला की त्याचा दाब किंचित खाली येतो, आणि तेवढी खूण ओळखून तो त्या सेलचा प्रवाह तोडतो. प्रवाह फारच कमी असेल, तर ही खूण नीट उमटत नाही आणि फारच जास्त असेल तर सेल तापतो. म्हणून पेन्सिल सेलसाठी ५०० ते १००० मिलिअँपिअरचा चार्जर योग्य. ५०० ला २००० एमएएचचा सेल साडेचार-पाच तासांत भरतो, कारण काही वीज उष्णतेत वाया जाते. आपल्याला कीबोर्डचे सहा आणि माइकचे दोन असे आठ सेल लागतात. तेव्हा चार खान्यांचा चार्जर घेऊन दोन पाळ्या करण्यापेक्षा आठ खान्यांचा एकच घ्यावा.

सहा सेलचा संच कायम एकत्र ठेवावा आणि प्रत्येकावर मार्करने ‘क’ किंवा ‘ख’ असे लिहून टाकावे. जुना-नवा मिसळला, की सर्वांत कमकुवत सेल आधी रिकामा होतो, उरलेले पाच त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतात, त्यामुळे त्याची धन-ऋण टोके उलटतात आणि तो कायमचा खराब होऊ शकतो.

दीड व्होल्टच्या लिथियम सेलच्या पोटात दाब उतरवणारे एक छोटे सर्किट असते. ते शेवटपर्यंत दीड व्होल्ट देते, म्हणून कीबोर्ड अखेरपर्यंत ‘बॅटरी पूर्ण’ दाखवतो आणि ऐन आरतीत बंद पडतो. शिवाय त्या सर्किटची खरखर कॉर्डलेस माइकमध्ये शिरण्याची शक्यता असते. या सेलची क्षमता बहुधा मिलिवॉट-तासात छापतात आणि तो आकडा मोठा दिसतो. ३००० मिलिवॉट-तास म्हणजे दीड व्होल्टला २००० एमएएचच. हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालू नयेत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण ३.७ व्होल्ट देतो. असे सहा सेल कीबोर्डमध्ये गेले, तर यंत्र जळू शकते.

प्रश्न : रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा पॉवर बँकेवर लावला, तर तो अर्ध्या मिनिटात बंद होतो. दोष तानपुऱ्यात आहे का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोष बहुधा तानपुऱ्यात नाही. तानपुऱ्याला लागणारा प्रवाह अगदी कमी असतो आणि पॉवर बँकेला वाटते, की मोबाइल चार्ज होऊन गेला; म्हणून ती स्वतःला बंद करते. काही पॉवर बँकांत इयरफोन किंवा घड्याळासाठी कमी प्रवाहाची सोय असते आणि ती बटण दोनदा दाबल्यावर सुरू होते, तशीच घ्यावी. यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात, तेव्हा तानपुऱ्याला ९ किंवा १२ व्होल्ट लागत असतील, तर दाब वाढवणारी केबलही लागेल. ती घेण्यापूर्वी मूळ अडॅप्टरवर ‘डीसी’ लिहिले आहे का, व्होल्ट किती आहेत आणि पिनच्या मधोमध धन आहे की ऋण, हे त्यावरच्या लहानशा चित्रात पाहून घ्यावे. पुष्कळ संगीतयंत्रांत मधली बाजू ऋण असते.