महापालिकेच्या उद्यानात कारागिरांचा बाजार भरवायचा असेल, तर परवानगी कोण देते आणि देखरेख कोणाची असते?

आपण विचारले आहे की, छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या उद्यानात दर रविवारी कारागिरांचा बाजार भरवायचा झाल्यास परवानगी कोणाकडे मागावी, आणि तिथे खरोखर कारागीरच बसले आहेत की व्यापारी, हे कोणी पाहावे. मी मराठवाड्यातील एका महापालिकेच्या मालमत्ता विभागात बरीच वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर एका महिला बचत गटाचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे अर्ज घेण्याचा आणि अर्ज घेऊन ताटकळण्याचा असे दोन्ही अनुभव माझ्या गाठीशी आहेत.

अर्ज आयुक्तांच्या नावे करावा, एवढे सोपे आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. जमिनीची नोंद मालमत्ता विभागाकडे, झाडे आणि हिरवळ उद्यान अधीक्षकांकडे, आणि फाटकापाशी पाल दिसले की धावून येणारे अतिक्रमण पथक तिसरेच. आमच्याकडे एका कुंभाराजवळ उद्यान विभागाची रीतसर पावती असतानाही पथकाने त्याचे माठ उचलून नेले, कारण त्या पावतीची खबर पथकाला कोणी दिलीच नव्हती. माल परत मिळाला, पण बरेचसे माठ तडकलेले होते. म्हणून परवानगीच्या आदेशाची प्रत तिन्ही विभागांना जावी आणि बाजाराच्या दिवशी जागेवर निर्णय देणारा अधिकारी एकच असावा, ही मागणी अर्जातच लिहून टाका.

आता कायद्याकडे वळू. पथविक्रेता अधिनियम, 2014 मधील पथविक्रेत्याच्या व्याख्येत रस्ता आणि पदपथ यांच्याबरोबर सार्वजनिक उद्यानाचाही स्पष्ट उल्लेख आहे, हे पुष्कळ अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते. याच कायद्याने आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात, असे सांगितले आहे. जप्त मालाची यादी विक्रेत्याला द्यावी लागते, आणि नाशवंत नसलेला माल, शुल्क भरून मागणी केल्यावर, दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. त्या कुंभाराला हे माहीत असते, तर त्याचे हेलपाटे वाचले असते.

मग प्रत्येक कारागिराने विक्री प्रमाणपत्रच घ्यावे, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. मला तो पटत नाही. प्रमाणपत्रासाठी जे हमीपत्र द्यावे लागते, त्यात उपजीविकेचे दुसरे साधन नाही असे लिहून द्यायचे असते, आणि आपल्या भागातील कारागिरीचे स्वरूपच या अटीत बसत नाही. उन्हाळ्यात वाकळ शिवणारी बाई मिरगाचा पाऊस पडला की सोयाबीन-कापसाच्या शेतात असते; तांड्यावर काचांचे भरतकाम करणारी बंजारा महिला वर्षातील काही महिने ऊसतोडीला जाते. प्रामाणिकपणे बोलायचे तर यांपैकी कोणीही त्या हमीपत्रावर सही करू शकत नाही, आणि जी खोटी सही करते, ती पुढे कोणाच्याही एका तक्रारीने अडचणीत येते. त्यामुळे रोज विक्री करणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र ठीक आहे. उद्यानातील बाजारासाठी मात्र तारखा, वेळ आणि पालांची संख्या ठरवून दिलेली मुदतीची परवानगी मागणे अधिक सुरक्षित.

महापालिका अशी परवानगी देताना का कचरते, हेही समजून घ्या. जिथे वर्षानुवर्षे विक्रेते व गिऱ्हाईक जमत आले आहेत, त्या जागेला समितीच्या शिफारशीवरून नैसर्गिक बाजार ठरवता येते, आणि नैसर्गिक बाजाराला विक्री-निषिद्ध क्षेत्र घोषित करता येत नाही. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारासारखे चित्र आपल्या उद्यानात उभे राहील, ही धास्ती उद्यान विभागाला असते, आणि ती अगदीच निराधार नाही. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात अवैध ठरवले होते. तेव्हा पक्के ओटे, पत्र्याचे शेड यांची मागणी करूच नका. संध्याकाळी पाल गुंडाळले की मुलांना जागा मोकळी मिळाली पाहिजे, हे आपणच लिहून द्या.

राहिला प्रश्न खरा कारागीर ओळखण्याचा. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाचे ओळखपत्र हा एक आधार आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण ओळखपत्र एकाचे आणि माल दुसऱ्याचा, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. तपासणाऱ्याला कामाची जाण हवी. पैठणीचा हातमागावरचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो आणि त्याच्या मागे सुटे धागे लोंबत नाहीत. उलट हिमरूच्या, म्हणजे इथल्या रेशीम-सुती विणकामाच्या कापडाच्या, मागील बाजूस सुटे धागे असणे हे त्या विणीचेच लक्षण आहे. दोन्हींना एकच कसोटी लावणारा अधिकारी खऱ्या हिमरूवाल्याला बाहेर काढील. शिवाय यंत्रमागावरच्या हिमरूलाही तसेच धागे असतात, म्हणजे शेवटी विणणाऱ्याच्या घरी जाऊन माग पाहणे चुकत नाही. समितीबरोबर एक विणकर आणि एक कुंभार तपासणीला गेले, तर हे काम एका दिवसात उरकते. दिल्लीत 1994 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये कारागिरांना साधारण पंधरा दिवसांच्या पाळीने जागा देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे सोडत काढून जागा महिन्या-महिन्याने फिरवली, तरी फाटकाजवळची मोक्याची जागा एकाच्या ताब्यात राहणार नाही.

शुल्काबाबत एकच सांगतो. तहबाजारीची, म्हणजे बाजारात बसण्याच्या शुल्काची, वसुली ठेकेदाराकडे देण्याची सवय आपल्या नगरपालिकांना निजामी काळापासून जडलेली आहे, आणि ठेकेदार आला की पाल कोणाचे, हे तो ठरवू लागतो. उद्यानातील बाजाराची पावती महापालिकेच्याच कर्मचाऱ्याने द्यावी, तिच्यावर कारागिराचे नाव व वस्तू लिहावी, आणि त्या दिवशीची यादी फाटकावरील फलकावर लावावी. अर्जाचा नमुना हवा असल्यास खाली विचारा, मी लिहून देईन.