नियमन की नियंत्रण? यीस्टवरून निघालेला प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्याच एका मुलीने, बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठीत एक लेख लिहिलाय, यीस्टच्या पेशी आपल्या जनुकांपासून प्रथिनं बनवताना प्रमाण कसं सांभाळतात यावर. तिने सगळीकडे ‘जनुक नियमन’ लिहिलं, सरांनी लाल पेनाने खोडून ‘जनुक नियंत्रण’ केलं. ती विचारतेय की दोन्ही एकच ना, मग खोडलं कशाला, आणि जाता जाता, यीस्टला ‘किण्व’ लिहू का.

अगं, नियमनच ठेव.

पण सरांची बाजू आधी सांगते, कारण डिक्शनरी उघडून बसलं तर ते चुकले असं म्हणता येत नाही. दोन्ही शब्द संस्कृतच्या एकाच यम् धातूवरून आलेत, यम् म्हणजे आवरणं, लगाम धरणं. संयम, नियम, यंत्र आणि रथाचा यंता हे सगळे त्याच खानदानातले. सख्खी भावंडं, पण मराठीत ती वाढली वेगवेगळ्या घरी, आणि वापरताना आपल्याला ते घरच बघावं लागतं.

नियंत्रण कोणाबरोबर फिरतं बघ. भुरीचं नियंत्रण, डाऊनीचं नियंत्रण (दोन्ही द्राक्षावरचे रोग), प्रदूषण नियंत्रण, आग नियंत्रणात आली. दरवेळी समोर काहीतरी हाताबाहेर जाणारं असतं आणि त्याला खाली आणायचं असतं. पिंपळगावच्या बागाईतदाराला ‘भुरी नियंत्रणात आहे’ म्हटलं तर ती वाढलीय असं तो मेला तरी समजणार नाही. नियमनात मात्र कमी करणं आणि वाढवणं दोन्ही येतं. ताप चढला की आपण म्हणतो ताप नियंत्रणात आला, पण निरोगी शरीर दिवसभर करतं ते तापमानाचं नियमन, उन्हात घाम काढायचा आणि थंडीत कुडकुडायचं, दोन्हीकडून. चौकातला हवालदारही वाहतुकीचं नियमन करतो, एक बाजू थांबवतो तेव्हाच दुसरी सोडतो ना (त्याच्या शाखेच्या पाटीवर काय लिहिलंय तो विषय वेगळा).

आपल्याला तर हे शिकवायची गरजच नको. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग इतक्या क्युसेकने वाढवला, मग कमी केला, मग रात्री परत वाढवला, आणि इकडे गोदाघाटावर लोक दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का कमरेला ते बघत उभे. धरणाचं दार नुसतं उघडं किंवा बंद नसतं, किती उघडं हाच सगळा प्रश्न असतो. ‘जीन ऑन झालं, जीन ऑफ झालं’ असं आपण सर्रास बोलतो, मीही बोलते, पण डोळ्यासमोर लाइटचं बटण येतं आणि तिथेच घोळ होतो.

यीस्टचंच उदाहरण घे. आपल्या पावाच्या आणि वाइनच्या यीस्टचा, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, १९९६ साली वाचून झाला, १६ गुणसूत्रं आणि साधारण ६,००० जनुकं. त्यातली काही गॅलॅक्टोज नावाची साखर पचवायला लागतात. यीस्टला ग्लुकोज मिळत असेल तर ती जनुकं दाबून ठेवलेली असतात, मिग१ नावाचं प्रथिन त्यांच्या दारात जाऊन बसतं, कारण आयतं जेवण असताना दुसरी चूल कोण पेटवेल. ग्लुकोज संपलं पण गॅलॅक्टोजही नाही, अशा वेळी गॅल४ हे प्रथिन जनुकाशेजारी तयारीत असतं पण गॅल८० त्याचं तोंड दाबून धरतं. आणि गॅलॅक्टोज आलं की गॅल३ येऊन गॅल८०ला बाजूला घेतं आणि काम हजारपट जोरात सुरू होतं. म्हणजे दाबलेलं, तयारीतलं आणि धो धो, अशा तीन अवस्था झाल्या. याला नियंत्रण म्हटलं तर पहिलीच अवस्था डोळ्यासमोर येते, उरलेल्या दोन गायब.

आता माझं आवडतं उदाहरण, जीसीएन४, इथे तर नियंत्रण शब्द चक्क तोंडावर आपटतो. यीस्टला अमिनो आम्लं कमी पडली की पेशी प्रथिनं बनवण्याचं एकूण कामच मंदावते, कच्चा मालच नाही तर करणार काय. पण त्याच झटक्यात एक प्रथिन उलट वाढतं, जीसीएन४, जे अमिनो आम्लं बनवणाऱ्या जनुकांना कामाला लावतं. एकाच कृतीने बाकी सगळं खाली आणि हे वर! गंमत त्याच्या एमआरएनएमध्ये, म्हणजे प्रथिन बनवायला जनुकावरून उतरवलेल्या नकलेत आहे, खऱ्या मजकुराच्या आधी चार छोटे फसवे मजकूर असतात. समज एक माणूस गल्लीतून घरी निघालाय, वाटेत चार टपऱ्या आहेत. पहिल्या टपरीवर चहा प्यायला, खिसा रिकामा झाला. पुढे चालताना लगेच पैसे हातात आले तर तो चौथ्या टपरीपर्यंत कुठेतरी परत बसतो आणि बसला की बसला, घर राहिलं. पण तंगीच्या दिवसांत पैसे उशिरा मिळतात, तोवर चारही टपऱ्या मागे पडलेल्या असतात आणि गडी थेट घरी पोचतो. माणूस म्हणजे रायबोझोम, ती नक्कल वाचत प्रथिन जोडणारं पेशीतलं यंत्र, पैसे म्हणजे दरवेळी नवी सुरुवात करायला लागणारं सामान, आणि घर म्हणजे जीसीएन४चा खरा मजकूर. उपासमारीत जीसीएन२ नावाचं एन्झाइम हे सामानच कमी पाडतं, म्हणून बाकीची प्रथिनं रखडतात आणि जीसीएन४ पोचतं. आता हे वाक्य ‘पेशी प्रथिननिर्मितीवर नियंत्रण ठेवते’ असं लिहून बघ, वाचणाऱ्याला वाटेल आळा घातला, विषय संपला.

अजून एक. नियंत्रणाला बहुतेक वेळा बाहेरचा कोणीतरी लागतो. मी तीन हंगाम दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये होते, फेब्रुवारीत द्राक्ष आत आली की बादलीत कोमट पाणी घेऊन त्यावर कोरडं यीस्ट भुरभुरायचं, पंधरा-वीस मिनिटांत बदामी फेस वर चढतो आणि ताज्या पावासारखा वास सुटतो, मग ते टाकीत. आंबताना टाकी तापते, म्हणून बाहेरच्या जॅकेटमधून गार पाणी फिरवायचं, आणि आमच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं ‘तापमान नियंत्रण’, तिथे तो शब्द शंभर टक्के बरोबर, कारण धरून ठेवणारे आम्ही होतो. टाकीच्या आत यीस्ट करतं ते वेगळं. रसात नायट्रोजन कमी पडला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग डीएपी द्यायचं, हो, शेतात खत म्हणून टाकतात त्याच नावाचं, फक्त खाण्याच्या ग्रेडचं. अमोनिया असा आयता मिळाला की यीस्ट प्रोलीनसारख्या अमिनो आम्लातला अवघड नायट्रोजन वापरायची जनुकं मंद करून टाकतं. ते त्याला आम्ही सांगत नव्हतो, त्याचं ते ठरवत होतं.

किण्वचं म्हणशील तर शब्द अस्सल आणि जुना आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात येतो, आणि चार्वाकांचा तो प्रसिद्ध दाखला आहेच की किण्वातून जशी मदशक्ती तसं महाभूतांतून चैतन्य. पण त्या लोकांनी सूक्ष्मदर्शकातून पेशी बघितलेली नव्हती, त्यांचं किण्व म्हणजे दारू आंबवायला घालायचं मिश्रण, आपल्या विरजणासारखं. किण्वन शब्द शाळेच्या पुस्तकातून रुळलाय, तो बिनधास्त वापर. पेशीबद्दल बोलताना मात्र यीस्टच लिही, बेकरीवाला आणि वायनरीवाला दोघंही तेच म्हणतात. खमीर हिंदीकडे राहू दे.

तू न विचारलेलं एक सांगते, लेखात ‘भाषांतरण’ आणि ‘प्रतिलेखन’ आहेत ते तसेच ठेव, दहावीच्या पुस्तकातले आहेत आणि चांगले आहेत. प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून एमआरएनए उतरवणं, समजवायला नाशिकरोडची नोटांची प्रेस आठव, मूळ प्लेट आतच राहते, छापलेलं तेवढं बाहेर जातं. भाषांतरण, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनवणं, तर नावाप्रमाणेच आहे, चार अक्षरांच्या लिपीतून वीस अमिनो आम्लांच्या लिपीत.

आणि सर नियंत्रणावरच अडून बसले तर शीर्षकात दोन्ही शब्द टाळ, सरळ लिही: ‘कोणतं प्रथिन, कधी आणि किती, हे यीस्टची पेशी कसं ठरवते’. यात खोडायला काही सापडणार नाही त्यांना, फार तर ‘पेशी’ची वेलांटी तपासतील.