‘हॅड’ लिहिलंत, पण कशाच्या आधी?

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय हॅड ऑलरेडी सेंट द फाइल यस्टरडे’ असं लिहिलं. वरिष्ठांनी त्यातला ‘हॅड’ खोडला आणि ‘ऑलरेडी’ तसाच ठेवला. ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’, ‘नेव्हर’ आले की ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप वापरायचं, असं शाळेत पाठ केलं होतं. मग माझं चुकलं कुठे?

उत्तर : पाठ करून घेतलेला तो नियमच अपुरा आहे. क्रियाविशेषण पाहून काळ ठरवायचा नसतो. ‘ऑलरेडी’ पूर्ण वर्तमानकाळातही येतो : ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’. अमेरिकन इंग्रजीत तर तो साध्या भूतकाळाबरोबर सर्रास वापरतात : ‘आय ऑलरेडी सेंट इट’. तेव्हा ‘ऑलरेडी’ दिसला म्हणून ‘हॅड’ आणायचं काहीच कारण नाही.

‘हॅड’ लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : कशाच्या आधी? भूतकाळातल्या एखाद्या क्षणावर उभं राहून त्याच्याही मागे पाहायचं असेल, तर पूर्ण भूतकाळ. तुमच्या वाक्यात असा क्षणच नाही. काल फाइल पाठवली, एवढंच सांगायचंय, म्हणून ‘आय सेंट द फाइल यस्टरडे’. तेच ‘व्हेन यू कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सेंट द फाइल’ म्हणा, की ‘हॅड’ला जागा मिळाली. तुमचा फोन हा एक क्षण, फाइल जाणं त्याच्या आधीचं. तुमचं मूळ वाक्यही, मेलमध्ये आधी असा एखादा क्षण आलेला असता, तर चाललं असतं. एकटं मात्र ते उभं राहत नाही.

ही चूक आपल्याकडे इतकी का होते, ते सांगते. मराठीत ‘मी काल डॉक्टरांकडे गेले होते’ हे अगदी साधं वाक्य आहे, त्यात दुसरी कुठलीही घटना अध्याहृत नसते. ते ‘होते’ पाहून आपला हात ‘हॅड’कडे जातो आणि ‘आय हॅड गॉन टू द डॉक्टर यस्टरडे’ असं वाक्य तयार होतं. ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो : बरं, गेली होतीस, मग काय झालं? पुढे काही येतच नाही. मी शिकवते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ ही एक सवय मोडण्यात जातो, आणि तो जावा असंच मला वाटतं.

आता क्रियाविशेषणाचं खरं काम पाहा. एकच वाक्य घेऊ : ‘व्हेन शी रीच्ड द हॉल, द गेस्ट्स हॅड लेफ्ट’. पाहुणे आधी गेले, ती नंतर पोचली, हा क्रम ‘हॅड’नेच सांगितला. ‘हॅड जस्ट लेफ्ट’ म्हटलं, की थोडक्यात चुकामूक झाली. ‘हॅड ऑलरेडी लेफ्ट’मध्ये, इतक्यात जातील असं तिला वाटलं नव्हतं, हे आलं. ‘हॅड लाँग सिन्स लेफ्ट’मध्ये हॉल केव्हाचा रिकामा. आणि ‘हॅड नॉट येट लेफ्ट’ म्हटलं तर पाहुणे तिथेच आहेत, भेट होणार. दोन घटनांमधलं अंतर किती आणि अपेक्षा काय होती, हे त्या एका शब्दात येतं. म्हणून ‘ऑलरेडी’ उगाच भरीला टाकू नका. अपेक्षेचा काही संबंधच नसेल, तर नुसता ‘हॅड’ पुरतो.

प्रश्न : ही क्रियाविशेषणं वाक्यात नेमकी कुठे ठेवायची?

उत्तर : बहुतेक सगळी ‘हॅड’ आणि तिसरं रूप यांच्या मध्ये : ‘हॅड नेव्हर सीन’, ‘हॅड ऑलवेज लिव्ह्ड’. कर्मणी प्रयोगात ‘हॅड’च्या लगेच नंतर : ‘द टिकिट्स हॅड ऑलरेडी बीन सोल्ड’. पण काम कसं झालं, हे सांगणारा शब्द तिसऱ्या रूपाला चिकटतो : ‘द लेटर हॅड बीन केअरफुली रिटन’. या दोहोंतला फरक चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही हातून निसटतो.

‘येट’ नकारात येतो, एक तर ‘नॉट’नंतर किंवा वाक्याच्या शेवटी. ‘स्टिल’ मात्र नकारी ‘हॅड’च्या आधी : ‘शी स्टिल हॅडन्ट रिप्लाइड’. आणखी एक जागा पाठ्यपुस्तकात सहसा दाखवत नाहीत. ‘हॅड यू एव्हर मेट हर बिफोर दॅट डे?’ याचं त्रोटक उत्तर ‘नो, आय नेव्हर हॅड’ असं येतं. तिसरं रूप गाळलं, की ‘नेव्हर’ ‘हॅड’च्या आधी येतो. ‘नो, आय हॅड नेव्हर’ असं कुणी म्हणत नाही.

प्रश्न : ‘टू इयर्स अगो’ आणि ‘टू इयर्स बिफोर’ यांत फरक काय?

उत्तर : मोजणी कुठून सुरू होते, हा. ‘अगो’ आजपासून मागे मोजतो, म्हणून त्याच्यासोबत साधा भूतकाळ. ‘बिफोर’ भूतकाळातल्या क्षणापासून मागे मोजतो. ‘आय मेट हर इन 2019. हर फादर हॅड डाइड टू इयर्स बिफोर.’ म्हणजे वडील 2017 मध्ये गेले. ‘बिफोर’च्या जागी ‘अर्लिअर’ही चालेल. कुणाचं बोलणं नंतर सांगतानाही हीच मोजणी बदलते. ‘आय केम यस्टरडे’ असं तो म्हणाला असेल, तर काही दिवसांनी सांगताना ‘ही सेड ही हॅड कम द डे बिफोर’.

प्रश्न : ‘आफ्टर’ असेल तर ‘हॅड’ लागतोच का?

उत्तर : नाही. ‘आफ्टर शी लॉक्ड द डोअर, शी लेफ्ट’ हे पूर्ण बरोबर आहे, कारण क्रम ‘आफ्टर’नेच सांगितला. ‘हॅड लॉक्ड’ही बरोबर. मी स्वतः अशा ठिकाणी साधा भूतकाळ ठेवते, वाक्य हलकं राहतं. पहिलं काम पुरतं संपलं यावर भर द्यायचा असेल तेवढाच ‘हॅड’ घालते.

प्रश्न : ‘नो सूनर’नंतर ‘व्हेन’ की ‘दॅन’?

उत्तर : ‘दॅन’. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, आणि तुलनेला ‘दॅन’ लागतो : ‘नो सूनर हॅड शी सॅट डाउन दॅन द फोन रँग’. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांच्याबरोबर ‘व्हेन’ : ‘हार्डली हॅड शी सॅट डाउन व्हेन द फोन रँग’. हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले, की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी येतो. कर्ता आधी ठेवायचा असेल तर ‘शी हॅड हार्डली सॅट डाउन’. ‘हार्डली’त नकार आधीच आहे, त्यामुळे सोबत ‘नॉट’ घालू नका.