कोल्ह्याचा बंदोबस्त, खोकडाचं बीळ आणि आपला कुत्रा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बारामती-इंदापूरच्या मधली चार एकर जमीन, वीसेक गावरान कोंबड्या, पाच शेळ्या आणि वर्षाचा कारवानी कुत्रा. दोन महिन्यांत सहा कोंबड्या आणि एक करडू गेलं. रात्री उसातून कोल्हेकुई ऐकू येते. शेजारी सांगतात, मटणाला औषध लावून बांधावर ठेवा, आठ दिवसांत विषय मिटेल. वर सकाळी माळावर फिरताना कुत्रा एका कोल्ह्यामागे सुटला, त्याला तसं पळू द्यावं का, हेही विचारलंय. मी पंचवीस वर्षं याच पट्ट्यात कोरडवाहू शेती करतोय, कुत्र्याशिवाय एक वर्षही गेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विषाचं. ठेवू नका, आणि शेजाऱ्यांनाही ठेवू देऊ नका. माझी चंपी अशीच गेली. पलीकडच्या रानात कुणीतरी मेलेल्या कोंबडीत थिमेट हे विषारी कीटकनाशक भरून ठेवलं होतं. सकाळी ती तोंडाला फेस आणि पायांना झटके अशा अवस्थेत अंगणात आली. जनावरांचे डॉक्टर वीस किलोमीटरवर. गाडी निम्म्या वाटेत असतानाच तिने माझ्या मांडीवर जीव सोडला. त्याच आठवड्यात ओढ्याच्या कडेला दोन मुंगसं आणि एक घार मेलेली सापडली. ज्याच्यासाठी विष ठेवलं होतं तो कोल्हा मात्र उसात ओरडतच होता. विष लावलेला तुकडा आधी कुणाच्या तोंडी लागेल हे ठरवणं ठेवणाऱ्याच्या हातात नसतं. वासावर पहिला जातो तो बहुतेक वेळा वस्तीवरचा कुत्राच.

कायद्याचंही ऐकून ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२च्या दुरुस्तीनंतर कोल्हा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीत. त्याला मारलं तर ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. फासे, सापळे, रानडुकरांसाठी ठेवतात ते गावठी बॉम्ब, सगळं त्यातच आलं. मेन लाइनचा करंट तारेत सोडणं तर याहून वाईट, त्यात दरवर्षी माणसं मरतात.

समजा मारलाच, तरी पुढे काय? कोल्ह्यांची जोडी आपला इलाखा राखून असते. ती गेली की रिकाम्या जागेत दुसरी येते, कारण जागा चांगली आहे, खायला मिळतंय. माझ्या अनुभवात जुनी, मुरलेली जोडी बरी. तिला कुठलं कुत्रं सोडलेलं असतं आणि कुठल्या वस्तीवर दिवा असतो हे माहीत असतं, ती बिचकून असते. नवी येणारी तरुण जनावरं जास्त धाडस करतात.

आता मुळात तुमच्याकडे येतो तो कोण? कुत्रा ज्याच्यामागे सुटला ते जनावर मांजरापेक्षा थोडं मोठं, बारीक पायांचं, झुपकेदार शेपटीचं आणि शेपटीचं टोक काळं, असं तुम्ही लिहिलंय. तो कोल्हा नव्हे, ते खोकड. परदेशी व्हिडिओत दिसतो तो लालभडक कोल्हा आपल्या पठारावर नाहीच. आपल्याकडे कोल्हा म्हणजे आठ-दहा किलोचं, राखाडी-तांबूस, लांडग्याच्या धाटणीचं जनावर, आणि खोकड म्हणजे दोन-तीन किलोचा जीव. दोघांना एकाच नावाने हाक मारल्यामुळे कोल्ह्याच्या चोऱ्यांची शिक्षा खोकडाला भोगावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. खोकड खातं उंदीर, सरडे, नाकतोडे, वाळवी, भुंगेरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे. एखादं कोंबडीचं पिल्लू उघड्यावर सापडलं तर नेईल, पण शेळीच्या करडाला हात घालण्याची त्याची ताकद नाही. ज्वारी-हरभऱ्याच्या रानात खोकडाचं बीळ असेल तर उंदरांची काळजी बरीच कमी होते.

करडू कुणी नेलं हे मात्र शोधा. कोल्हा शक्यतो एक जनावर उचलतो आणि ओढत आडोशाला नेतो. मोकाट कुत्र्यांची टोळी घुसली की तीन-चार शेळ्या मागच्या पायांना, कानाला फाडलेल्या सापडतात आणि खाल्लेलं फारसं नसतं. खुराड्यात कोंबड्या जागच्या जागी मानेला चावून मारलेल्या असतील तर मुंगूस किंवा रानमांजर बघा. फुफाट्यात पावलं उमटतात. कोल्ह्याचं पाऊल लांबट, मधली दोन बोटं जवळजवळ, आणि चाल एका रेषेत, दोरी धरून चालल्यासारखी. कुत्र्याचं पाऊल गोल, पसरट, आणि ते दहा ठिकाणी हुंगत भरकटतं. संध्याकाळी गोठ्याभोवती चाळलेली माती हातभर रुंद पसरा, सकाळी ती वाचा. तीन रात्रींत उत्तर मिळेल. आमच्या वाडीत कोल्ह्याच्या नावावर खपवलेल्या निम्म्या शेळ्या गावातल्याच मोकाट कुत्र्यांनी मारल्या होत्या, हे असंच कळलं.

आणि नुकसान कोल्ह्याने केलंय असं दिसलं तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा. ओळख नसेल तर १९२६ हा वनविभागाचा फुकट नंबर आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या नुकसानभरपाईच्या यादीत कोल्हाही आहे. पंचनामा झाला नाही तर हाती काही लागत नाही.

बंदोबस्ताची खरी सुरुवात उकिरड्यापासून होते. कोल्हा वस्तीवर पहिल्यांदा येतो तो कोंबडीसाठी नव्हे, फुकट खाण्यासाठी. आजूबाजूला पोल्ट्री आहे का? मेलेले पक्षी पोत्यात भरून ओढ्यात टाकतात का? टाकत असतील तर तुमचं खुराडं कितीही भक्कम करा, कोल्हे आणि मोकाट कुत्री तिथे गोळा होणारच. पोल्ट्रीवाल्याशी भांडू नका, बसून बोला. आमच्याकडे तिघांनी मिळून जेसीबीने एक खोल खड्डा घेतला. मेलेला पक्षी त्यात, वर चुना, वर माती. दोन महिन्यांत रात्रीचा वावर निम्म्यावर आला. शेळी व्याली की वार उकिरड्यावर फेकतात, तीही दोन-अडीच फूट खोल पुरा. त्या वासाने कोल्हा अर्ध्या मैलावरून येतो आणि मग शेजारी उभं असलेलं ओलं करडू त्याला दिसतं. तुमचं करडू किती दिवसांचं होतं ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज पहिल्या आठवड्यातलंच असावं.

खुराड्याला साधी कोंबडी-जाळी लावली असेल तर ती काढा. कोल्हा ती दातांनी फाडतो. वेल्डमेश लावा, अर्धा ते एक इंची, आणि ती जमिनीत दीड फूट गाडून खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरताना पाय जाळीवरच येतील. दाराला नुसती आडकाठी नको, खिट्टी हवी. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी कोंबड्या आत. माझे सगळ्यात जास्त पक्षी गेले ते तिन्हीसांजेला, 'एवढी धार काढून येतो आणि मग कोंडतो' म्हणत म्हणत. डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या अंगणात रात्रभर ठेवणं तर आमंत्रणच. मेंढपाळ धनगरांचा वाडा बघितलाय का कधी? उघड्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून शंभर-दोनशे मेंढरं बसवतात, कोकरं मधल्या भागात वेगळी ठेवतात, चारी बाजूंना कुत्री आणि माणसं झोपतात. लांडग्याच्या मुलखात त्यांचं निभावतं ते या शिस्तीवर. तुमच्याकडे पाचच शेळ्या आहेत. व्यायला आलेली शेळी दाराच्या खोलीत घ्या, पंधरा दिवसांनी गोठ्यात सोडा.

पिकाचं थोडक्यात. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण उगाच नाही पडली, कलिंगड, खरबूज, मका, भुईमूग त्याला सगळं आवडतं. पीक तयार व्हायच्या शेवटच्या वीस दिवसांपुरती बॅटरीची झटका मशीन लावा, खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर. ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जात असतील तर तो उन्हाळ्यातल्या तहानेचा प्रकार आहे. बांधाच्या टोकाला एक पसरट भांडं पाण्याने भरून ठेवून बघा. मला त्याने फरक पडला. ऊसतोड झाली की कोल्ह्यांचा आडोसा जातो आणि पंधरवडाभर ते सैरभैर हिंडतात, तेवढे दिवस कोंबड्या मोकळ्या सोडू नका.

एक गोष्ट मात्र गंभीर. भर दिवसा वस्तीत शिरणारा, माणसाला न भिणारा, लाळ गळणारा किंवा अडखळत चालणारा कोल्हा दिसला तर तो पिसाळलेला समजा. मुलं आणि जनावरं आत घ्या आणि वनविभागाला कळवा. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही भरू नका.

आता तुमचा कुत्रा. कारवानी हे धावणारं रक्त आहे. ससा दिसला की त्याचं डोकं बंद होतं आणि पाय चालू होतात, त्यात त्याचा दोष नाही. पूर्वी आमच्याकडे कारवानी पाळायचे ते सशासाठीच. पण आता कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत जनावरामागे कुत्रा लावणंही येतं, आणि तसा नुसता प्रयत्नसुद्धा. त्यामुळे 'तो फक्त पळवतो, मारत नाही' हे कुणी ऐकून घेणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी त्या पळवण्याचं मोल खोकड चुकवतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर वन्यजीव संशोधक आबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांना रेडिओ कॉलर लावून बरीच वर्षं अभ्यास केला. कुत्रा नुसता आसपास असला तरी खोकड समोरचं खाणं सोडून देतं, हे त्यांनी प्रयोग करून दाखवलं. त्याच भागातल्या गावकुत्र्यांमध्ये डिस्टेंपर आणि पार्व्होचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि हे रोग खोकडापर्यंत पोचू शकतात. माळ आधीच कमी होत चाललाय. त्यात एका डिस्टेंपर झालेल्या कुत्र्याने बिळाच्या तोंडाशी नाक खुपसलं तर अख्खं कुटुंब जाऊ शकतं. म्हणून कुत्र्याची रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस दरवर्षी चुकवू नका. त्यात तुमच्या कुत्र्याचंही भलं आहे, कारण रोग उलट्या दिशेनेही येतो.

माळावर न्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. उलट रोज न्या. माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला तास असतो. फक्त दहा मीटरची लांब दोरी लावा आणि हाक मारली की परत येणं आधी अंगणात, मग मोकळ्या रानात पक्कं करा. कारवानीला यायला वर्ष लागतं, पण येतं. फेब्रुवारी ते जुलै दोरी अजिबात सोडू नका. खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात, आणि टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. धाविकाची अंडी तुम्हाला पायाशी असून दिसणार नाहीत, कुत्र्याच्या पायाखाली मात्र येतील. मयूरेश्वर अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाही, ती चिंकाऱ्यांची जागा आहे. कडबनवाडीच्या गवताळ सफारीला जाल तेव्हाही तो घरीच राहू दे.

वेळ सकाळची धरा, फटफटल्यावर. संध्याकाळी अंधार पडल्यावर उसाच्या कडेने कुत्रा घेऊन हिंडू नका, बिबट्याला कुत्रा फार आवडतो. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात, घरी आल्यावर एकेक पंजा उघडून बघा. पावसाळ्यात दगडांच्या ढिगात तोंड घालू देऊ नका, फुरसं असतं.

कुत्रा दोरीत असला की काय होतं सांगू? तुम्हाला स्वतःला जास्त दिसायला लागतं. तो थांबला, कान टवकारले, नाक वर केलं, की त्या दिशेला बघायचं. मी खोकडाची जोडी पहिल्यांदा नीट पाहिली ती अशीच. जानेवारीची थंडी, कुसळी गवतावर दहिवर, आणि कुत्री एकाएकी खांबासारखी उभी राहिली. ऐंशी-नव्वद पावलांवर एक मादी बिळाच्या मातीवर बसून ऊन खात होती आणि नर तिच्याभोवती नाचल्यासारखा फिरत होता. आम्ही दोघं खाली बसलो. वर एक भोवत्या, हा शिकारी पक्षी, गवताला पोट घासल्यासारखा तरंगत गेला, दूर तित्तर ओरडला. पंधरा मिनिटं कुणीच हललं नाही. ती कुत्री आता म्हातारी झालीय, पण अजून त्या वळणावर आली की थांबते.

तुमच्या वरच्या बांधाला दोन-तीन तोंडांचं बीळ आहे असं म्हणालात, ते बहुधा खोकडाचंच. जूनपर्यंत त्याच्या शंभर पावलांत कुत्रा नेऊ नका, आणि त्या बांधाला जेसीबी लावायचा असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. गोठ्याभोवती माती पसरल्यावर जी पावलं उमटतील त्यांचा फोटो शेजारी काडेपेटी ठेवून काढा आणि इथे टाका. मी बघून सांगतो.