ठसका आणि उत्क्रांती

प्रश्न : घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते, म्हणून ठसका लागतो. उत्क्रांतीने डोळा घडवला, तर ही चूक का सुधारली नाही? की उत्क्रांती हे मागाहून चिकटवलेलं स्पष्टीकरण आहे?

उत्तर : नाक तोंडाच्या वर, पण श्वासनलिका अन्ननलिकेच्या पुढे. त्यामुळे नाकातून आलेल्या हवेला अन्नाची वाट ओलांडावीच लागते. याचं मूळ माशांत आहे. ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, तोंडाने हवा गिळणाऱ्या माशांमध्ये अन्नमार्गाच्या पोटाकडच्या बाजूला पिशव्या तयार झाल्या. तीच पुढे फुप्फुसं झाली. नाकपुड्या वरच्या बाजूला होत्या, त्याही फक्त वासासाठी. नाकाने श्वास घेणं सुरू झालं तेव्हा फुली आधीच पडलेली होती. ती सोडवायची, तर मधल्या प्रत्येक पिढीला खाणं आणि श्वास दोन्ही जमलं पाहिजे. ते अवघड, त्यापेक्षा वाट मिटण्याची सोय टिकली. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा : स्वरयंत्र वर सरकलेलं कळेल. त्याच वेळी मृदू टाळू नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्रावरची झडप झुकते, स्वरतंतू मिटतात, श्वास सेकंदभर थांबतो. घास गिळताना हसून श्वास आत ओढला की हा क्रम चुकतो.

हे स्पष्टीकरण मागाहून चिकटवलेलं नाही, कारण ते पडताळता येतं. मानवी गर्भात चौथ्या आठवड्यात फुप्फुसाचा अंकुर अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीतूनच फुटतो. दोन्ही नळ्या नीट वेगळ्या झाल्या नाहीत, तर काही बाळं त्या जोडलेल्या अवस्थेतच जन्मतात. कीटकांची वंशशाखा वेगळी. त्यांची श्वासरंध्रं अंगावर असतात, म्हणून ही फुलीच नाही. डॉल्फिनमध्ये तर स्वरयंत्र नाकाच्या मार्गात घुसून बसलं आहे : जुनेच भाग, पण वाटा वेगळ्या. म्हणजे सुधारणा अशक्य नव्हती. आपल्या शाखेत ती झाली नाही, एवढंच.

घास अडकलेल्या माणसाला खोकता येत असेल तर खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाजच फुटत नसेल तर कुणालातरी १०८ला फोन करायला सांगा. घास अडकलेल्याला पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ जोरदार थापा मारा. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाबा. घास निघेपर्यंत आलटून पालटून हेच करा. गरोदर बाईचं आणि वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबू नका, छाती दाबा. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नका. तो आणखी खाली जातो.